माळ्यावरची विंडोज उतरवताना

दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवायचं आणि वीस दिवसांनी, दिवाळीच्या साफसफाईत, तोच सीपीयू भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायचा, असं पालघरच्या पट्ट्यात पुष्कळ घरांत घडून गेलं आहे. तरीही केळवे-माहीमच्या वाड्यांत, पालघरच्या सोसायट्यांत, बोईसरच्या कॉलन्यांत एखादं पिवळट पडलेलं कॅबिनेट माळ्यावर उरतंच. ते देववत नाही. त्यावर कुणी एमएस-सीआयटीचा सराव केलेला असतो, तर कुणी शाळा सुटल्यावर डेव्ह किंवा प्रिन्स खेळलेला असतो.

या हळवेपणाच्या खुणा बारीकसारीक आहेत. विंडोज ९५ सुरू होताना वाजणारे काही सेकंदांचे सूर ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं बांधले होते. ही विंडोज २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. त्याच्या नऊच दिवस आधी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. पुढे २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आली आणि तिच्यासोबत ती हिरवी टेकडी. चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात फिल्मवर टिपलेलं ते खरंखुरं छायाचित्र आहे. श्रावणात पालघरजवळच्या काळदुर्गाच्या बाजूला नजर टाकणाऱ्याला त्याचं फारसं अप्रूप वाटू नये. संगणक-साक्षरतेचे वर्ग चालवणारी एमकेसीएलही २००१ मधलीच. तिच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत राज्यातल्या लाखोंनी माउस पहिल्यांदा हातात धरला, आणि त्यांतल्या कित्येकांच्या समोर हीच टेकडी होती. काही कारण नसताना राइट क्लिक करून चारदा ‘रिफ्रेश’ मारण्याची सवयही त्याच काळातली.

मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीला निरोप दिला. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा जन्माला आला. जिल्हा नवा झाला, तरी दुकानांतले आणि डीटीपीवाल्यांकडचे कित्येक संगणक त्यानंतरही टेकडी दाखवतच उघडत राहिले.

माळ्यावरच्या डब्यात टेकडीखेरीज आणखीही बरंच असतं. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, ताईच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, पानवाडीचा आणि सोसायटीचा हिशेब, आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो. जुनी विंडोज पुन्हा पाहण्याची हौस जरूर भागवावी, पण कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी आतला ऐवज बाहेर काढायचा, मग यंत्र चालवायचं, आणि चालवायचं तेही इंटरनेटपासून लांब ठेवून. पुढची सगळी माहिती याच क्रमानं दिली आहे.

बटण दाबायची घाई नको

समुद्राकाठच्या गावात यंत्राला दोन शत्रू असतात, खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. त्यामुळे हे काम पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढलेलं बरं. खाली उतरवलेला सीपीयू लगेच विजेला जोडू नये. बाजूचं पत्र्याचं झाकण काढून आधी आत पाहावं. पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, काहीही निघू शकतं. मऊ ब्रशनं आणि हाताच्या ब्लोअरनं धूळ काढावी, ओलं फडकं लावू नये.

मग मदरबोर्डवरचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर पाहावेत. २००० च्या आगेमागे बनलेल्या बऱ्याच बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. त्यांची डोकी फुगतात किंवा त्यांतून तपकिरी द्रव गळतो. असं दिसलं तर तो बोर्ड जाणकाराला दाखवल्याशिवाय चालू करू नये. घड्याळाचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, मेलेला असणार हे धरूनच चालावं. तो बदलला नाही तर तारीख मागे जाते आणि हार्ड डिस्कची सेटिंग विसरली जाते. ३८६ किंवा ४८६ च्या जमान्यातल्या बोर्डावर मात्र बऱ्याचदा सोल्डर केलेला छोटा बॅटरीचा नळ असतो. तो गळून आजूबाजूचं तांबं खातो, म्हणून तो आधी काढून घ्यावा.

पॉवर सप्लायच्या पाठीला लाल रंगाचं सरकतं बटण असतं, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेलं. ते २३० वरच आहे ना, हे पाहून घ्यावं. घरातल्या लहानग्यानं ते कधी सरकवलं असेल तर पहिल्याच झटक्यात पॉवर सप्लाय जळतो. पॉवर सप्लाय आणि काचेच्या नळीचा जुना मॉनिटर स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यांत जोराचा झटका बसेल इतका दाब शिल्लक राहू शकतो.

केबल, सेल, कन्व्हर्टर असा सुटा माल पालघर-बोईसरच्या दुकानांत मिळाला नाही तर डहाणू लोकल आहेच. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला की जुन्या मालाचाही तपास लागतो.

आधी प्रत, मग गंमत

सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे जुना संगणक चालू न करता आतली हार्ड डिस्क काढून घेणं. जुन्या डिस्कला रुंद चपटी पट्टीची केबल असते. तिला आयडीई म्हणतात. आयडीई आणि सॅटा दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर घेतला की डिस्क आजच्या लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी लागते. लावल्याबरोबर ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न आला तर उत्तर एकच: रद्द. त्या क्षणी घाईत ‘हो’ म्हणणाऱ्यांनी पुष्कळ घरांचे अल्बम गमावले आहेत.

त्या काळच्या डिस्क दहा, वीस, चाळीस जीबीच्या. म्हणजे पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा आजच्या साध्या पेनड्राइव्हवर मावते. नुसत्या ओळखीच्या फाइली उचलण्यापेक्षा अशी संपूर्ण प्रतिमा घ्यावी, कारण नंतर हमखास एखादा विसरलेला फोल्डर आठवतो. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग वाचून घेतं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. दर वेळी ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणत चालू केली की वाचण्याची आशा कमी होत जाते.

फ्लॉपी निघाल्या तर साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंची लवचीक फ्लॉपी त्यात जात नाहीत, त्यांना जुनाच ड्राइव्ह लागतो. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का ते पाहावं. असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागून पुढच्या चांगल्या फ्लॉपीही बिघडवते.

एवढा खटाटोप कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी प्रिन्सचाच दाखला आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ सालचा खेळ लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या हातून त्याचा मूळ कोडच हरवला होता. २०१२ साली वडिलांनी पाठवलेल्या एका खोक्यात त्या जुन्या फ्लॉपी निघाल्या. जुन्या संगणकांच्या जाणकारांना बोलावून त्यांनी तो काळजीपूर्वक उतरवून घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. फ्लॉपी ज्याच्यासाठी कचरा होती अशा कुणी तो खोका आवरला असता, तर कोड गेलाच होता.

प्रत घेतल्यावर एकाच जागी ठेवू नये. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, वसईच्या आत्याकडे म्हणा किंवा क्लाउडवर म्हणा.

मराठी फाइलींचं कुलूप

फोटो आणि गाणी लगेच उघडतात. अडचण येते ती मराठी मजकुराची. नव्या संगणकावर स्मरणिकेची फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि फाइल खराब झाली असं वाटतं. ती खराब झालेली नसते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम आणि लीप, आकृती, शिवाजी, किरण अशा त्या काळच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त फॉन्टामुळे मराठी दिसणारा. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणून फॉन्ट गेला की भाषाच गेली.

उपायाची पहिली पायरी सोपी आहे. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असतो, तो सगळाच्या सगळा उचलून ठेवावा. नव्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट बसवला की वर्डची फाइल बऱ्याचदा जशीच्या तशी दिसू लागते. दुसरी पायरी युनिकोडची. सरकारी कागदांत सर्रास दिसणाऱ्या सुरेखसारख्या फॉन्टांपासून श्री-लिपीपर्यंत बहुतेक प्रचलित फॉन्टांचे रूपांतरक उपलब्ध आहेत, मात्र आपल्या फॉन्टाचं नेमकं नाव माहीत हवं. रूपांतर झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारतात. रफार, ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्या’मधला अर्धा र, जोडाक्षरं आणि आकडे या चार जागा खास तपासाव्यात. हिशेबाच्या कागदात एक आकडा बदलला तर वाडीचा वाटाच बदलतो.

गंमत म्हणजे याहून जुना मजकूर कधी कधी सोपा जातो. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर केलेलं काम इस्की नावाच्या संकेतावर बेतलेलं असे. त्याचं भारतीय मानक १९९१ चं. युनिकोडमधली देवनागरीची रचनाही १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे अशा मजकुराचं अक्षराला अक्षर असं रूपांतर करणं तुलनेनं सरळ असतं.

पेजमेकरची गोष्ट निराळी. पेजमेकर ७ हे २००१ सालचं, त्यानंतर अडोबीनं ते पुढे नेलं नाही. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडू शकत, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे चालू पेजमेकर आहे त्यानं प्रत्येक फाइल ‘प्रिंट टू फाइल’ करून पोस्टस्क्रिप्टमध्ये घ्यावी आणि नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्टनं तिची पीडीएफ करावी. मांडणी, चौकटी, जाहिरातींची पानं सगळं टिकतं. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं कुलूप, म्हणजे डोंगल असे. ते हरवलं असेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून सीपीयू हलवताना मागे लटकलेला तो छोटा डबा आधी सुटा करून पाकिटात घालावा.

आणि एक प्रत कागदावर छापून ठेवावी. उत्तर कोकणाचा इतिहास सांगणारी महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांच्या हाती लागली ती हस्तलिखित म्हणून, आणि त्यांनी ती १९२४ साली छापली. हस्तलिखिताला फॉन्ट बसवावा लागत नाही, लिपी येणारा माणूस मिळाला की झालं.

जुना पडदा पुन्हा पाहायचा तर

ऐवज सुखरूप बाहेर आला की हौसेला मोकळीक. तिच्याही पायऱ्या आहेत, आणि ज्याला जेवढं हवं तेवढंच त्यानं करावं.

फक्त रूप हवं असेल तर जुनी विंडोज लागतच नाही. ओपन-शेल हे मोफत सॉफ्टवेअर नव्या विंडोजला जुना स्टार्ट मेनू देतं. लिनक्सवर शिकागो ९५ ही थीम टाकली की करडे चौकोन आणि जाड कडांची बटणं परत येतात.

खेळ खेळायचे असतील तर ब्राउझर पुरे. इंटरनेट आर्काइव्हवर डॉसचे हजारो खेळ पानावरच चालतात. पीसीजेएस आणि व्ही ८६ या संकेतस्थळांवर जुन्या प्रणालीही ब्राउझरमध्ये सुरू होतात. स्वतःच्या सीडीवरचे डॉसचे खेळ डॉसबॉक्समध्ये चालतात. एक्सपीतला पिनबॉल मात्र पुढच्या विंडोजमधून गायब झाला. ६४ बिटांच्या विंडोजवर नेताना चेंडू भिंतींतून आरपार जाऊ लागला म्हणून तो वगळला, असं मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी सांगितलं आहे.

खरी एक्सपी हवी असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. लॅपटॉपच्या आत ते एक खोटा संगणक उभा करतं. त्याला ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबी डिस्क पुष्कळ होते. डिस्कचा प्रकार सॅटाऐवजी आयडीई निवडावा, नाहीतर एक्सपीची सीडी मध्येच निळा पडदा दाखवून थांबते. नेटवर्क ‘जोडलेलं नाही’ असंच ठेवावं. विंडोज ९८ साठी व्हर्च्युअलबॉक्स अडखळतं, तिथे ८६बॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स बरे. आणि हे सगळं सोडून मूळ यंत्रच चालवायचं असेल, तर ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त मेमरी देऊ नये. जास्त रॅम पाहून ही विंडोज सुखावत नाही, गोंधळते.

परवान्याचं भान मात्र हवं. विंडोज जुनी झाली म्हणून फुकट झालेली नाही. मायक्रोसॉफ्टनं खुला केलेला आहे तो एमएस-डॉसचा कोड: १.२५ आणि २.० या आवृत्त्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये ४.०. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला फ्रीडॉस तर पहिल्यापासूनच मुक्त आहे. विंडोजसाठी घरातलीच मूळ सीडी आणि कॅबिनेटवर चिकटवलेला होलोग्रामवाला स्टिकर वापरावा. त्यावरचे आकडे उडत जातात, म्हणून आजच फोटो काढून ठेवावा. टॉरेंटवरून उतरवलेल्या ‘सगळं आधीच टाकलेल्या’ सीडीत विंडोजसोबत आणखी काय येतं, ते उतरवणाऱ्याला कळत नाही.

दुकान आणि कारखाना

तारापूर एमआयडीसीसारख्या वसाहतींत प्रश्न आठवणींचा नसतो. प्रयोगशाळेतलं किंवा शॉपफ्लोअरवरचं चांगलं चालणारं यंत्र एक्सपीवरच्याच सॉफ्टवेअरला बांधलेलं असतं आणि ते बदलायचं तर यंत्रच बदलावं लागतं. असा संगणक ठेवायला हरकत नाही, पण तो इंटरनेटला आणि ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला नसावा. त्याच्या डिस्कची प्रतिमा घ्यावी, तीच प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती चालते का ते एकदा बघावं, आणि सॉफ्टवेअरच्या सीडी, किल्ली व डोंगल एकाच पाकिटात घालून कुलपात ठेवावं. त्या संगणकाला लावायचा पेनड्राइव्ह दुसरीकडे कुठेही लावू नये.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या भोकातून. प्रसंग इतका बाका होता की निवृत्त करून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला तातडीनं दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात त्याच भोकाचा फायदा घेणाऱ्या नॉटपेट्यानं न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कळीत केलं.

टॅलीच्या जुन्या डेटाची काळजी व्यापाऱ्यांनी वेगळी घ्यावी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. जुन्या आवृत्तीचा डेटा नव्यात आणताना मूळ फोल्डरला हात न लावता प्रतीवरच प्रयोग करावा, आणि ताळेबंद दोन्हीकडे जुळतो का ते पाहावं.

नव्या पिढीचं माळ्यावर जाणारं यंत्रही तयार होतंच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या संगणकावर अधिकृतपणे बसत नाही. अशा संगणकावर नेट वापरायचं असेल तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकून घेणं हा स्वस्त मार्ग आहे. मराठी युनिकोड त्यात उत्तम चालतं.

निरोप देताना आणि परत ठेवताना

काहीच वाचण्यासारखं उरलं नसेल तर हार्ड डिस्क आधी काढून घ्यावी. ती पूर्ण पुसावी, पुसता येत नसेल तर ड्रिलनं भोकं पाडावीत. उरलेलं यंत्र ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावं. काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, त्यामुळे तो वाडीच्या कडेला फोडून पुरणं म्हणजे विहिरीच्या पाण्याशी खेळ.

ठेवायचंच ठरलं तर पत्र्याच्या माळ्यापेक्षा आतल्या कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावं आणि वर्षातून एकदा अर्धा तास चालू करावं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवावा: कुठली विंडोज, कुठले मराठी फॉन्ट, पासवर्ड कुठे लिहिला आहे, शेवटची प्रत कधी घेतली आणि ती कुणाकडे आहे. वर्षातून एकदा म्हणजे कधी, तर दसरा बरा. फूल वाहायचं ते फक्त पंख्याच्या जाळीपासून जरा लांब.